मुंबईत अशनी सापडला तर: सरकारी जमिनीवरचे नियम आणि करायच्या गोष्टी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी लांबलचक रेघ पाहिली. मी मुलुंडला घरी होतो. तासाभरात फोनवर पंधरा-वीस व्हिडिओ येऊन पडले आणि जवळजवळ प्रत्येकाखाली एकच प्रश्न होता, "उल्का पडली का? जाऊन आणता येईल का?" नंतर कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात धातूचं एक भलंमोठं कडं सापडलंय. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असं जाणकारांनी सांगितलं. पण "जाऊन आणता येईल का" हा प्रश्न त्या दिवसापासून थांबलेला नाही. आकाशदर्शनाला येणारी शाळकरी मुलं विचारतात, ट्रेकला जाणारे मित्र विचारतात, गोराईच्या किनाऱ्यावरून काळा दगड उचलून आणलेले शेजारी विचारतात. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

आधी शब्द. आकाशात दिसते ती उल्का. तिचा जो तुकडा न जळता जमिनीपर्यंत पोचतो, तो अशनी. ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरमध्ये उल्कावर्षाव बघून दुसऱ्या दिवशी दगड शोधायला जाऊ नका. त्या वर्षावातले कण बहुतेक वाळूच्या दाण्याएवढे असतात आणि खूप उंचावरच संपून जातात. अशनी टाकून जाणारा अग्निगोल वेगळा असतो. तो डोळे दिपवतो, तुकडे होताना दिसतो, आणि जवळ असाल तर मिनिटा-दोन मिनिटांनी तोफेसारखा गडगडाट ऐकू येतो. तो आवाज ऐकलात तर लगेच घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या कामात तिचा उपयोग आहे.

थोडक्यात उत्तर

भारतात पडलेला अशनी हौस म्हणून घरी ठेवायची परवानगी देणारा नियम नाही. अशनी सांभाळायची जबाबदारी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची, म्हणजे जीएसआयची. १८५१ साली सुरू झालेली ही संस्था, आणि देशातल्या अशनींचा राष्ट्रीय संग्रह तिच्याकडे कोलकात्याला आहे. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी दगड पडले, ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला पडला, १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातेत दियोदर भागात एक तुकडा कडुलिंबाच्या फांदीवर आदळून फुटला. अशा वेळी गावकरी, पोलीस किंवा महसूल खातं, आणि मग शास्त्रज्ञ, असाच क्रम असतो. आपलं काम या साखळीतली पहिली कडी धड ठेवायचं. ते काम मोठं आहे. अर्धं शास्त्र तिथेच वाचतं किंवा बुडतं.

लोकांचा गोंधळ होतो तो अमेरिकेतले व्हिडिओ बघून. तिथे माणसं वाळवंटात काठीला चुंबक लावून फिरतात, दगड खिशात घालतात आणि विकतातही. तिथले नियम शेवटी सांगतो, कारण आपल्यातली बरीच मंडळी मुलांकडे तिकडे जातात. ते नियम आरे कॉलनीत चालत नाहीत एवढं मात्र आत्ताच लक्षात ठेवा.

पायाखालची जमीन कोणाची, हे आधी ओळखा

मुंबईत 'सरकारी जमीन' हा एकच प्रकार नाही, आणि दगडाला हात लावायचा की नाही ते यावरच ठरतं.

सगळ्यात कडक नियम जंगलाचे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरेचा राखीव वन म्हणून घोषित झालेला भाग, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, पनवेलकडचं कर्नाळा, वसईजवळचं तुंगारेश्वर, आणि शहरभरची बहुतेक सरकारी खारफुटी यात येते. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये 'वनोपज' या शब्दाच्या व्याख्येत लाकूड, मध, पानं यांच्याबरोबर माती, खडक आणि खनिजंही आहेत. म्हणजे जंगलातून उचललेला दगड कायद्याच्या नजरेत वनोपजच. राष्ट्रीय उद्यानातून वनोपज बाहेर नेण्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची वेगळी बंदी आहे. दगड आकाशातून आला की डोंगरातून निसटला, हे वनरक्षकाने ठरवायचं नसतं. तो तुमच्या पिशवीत सापडला एवढं त्याला पुरतं. कान्हेरीच्या लेण्यांजवळ तर पुरातत्त्व खात्याचे नियमही लागतात.

लोणारचंही इथेच सांगतो, कारण मुंबईहून सहली जातात. बुलढाणा जिल्ह्यातलं ते विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या आपल्या काळ्या दगडात झालेलं आहे. ते अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथला खडा 'आठवण' म्हणून आणणं बेकायदा आहे. शिवाय विवर करणारा अशनी आघातात वितळून, वाफ होऊन गेला. काठावरचे काळे दगड इथल्याच मातीतले. तेच विवराची गोष्ट सांगतात, आणि ती तिथे असतानाच सांगतात.

किनारा. जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई इथे सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाची केंद्र सरकारची अधिसूचना लागू आहे, आणि तिच्यात वाळू, खडक काढायला मनाई आहे. पडलेला शिंपला उचलला म्हणून कोणी धरत नाही, पण फावडं घेऊन खणायला लागलात की गोष्ट बदलते.

रेल्वेच्या हद्दीत जाऊच नका. विनापरवाना रुळांत शिरणं हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाचा धोका त्याहून मोठा. रुळांतली तपकिरी, गंजलेली दिसणारी खडी बघून फसू नका. तो आपलाच काळा दगड आहे, वर ब्रेकमधून उडालेल्या लोखंडाच्या भुकटीचा थर. तो चुंबकाला चिकटतो, म्हणून दर वर्षी कोणीतरी मला त्याचा फोटो पाठवतं.

नौदल-लष्कराची जागा, बंदराची जागा, मिठागरं इथे आत शिरायचं नाही. काही पडताना दिसलं तर फाटकावर सांगायचं.

उरली महापालिकेची मैदानं-बागा आणि महसूल खात्याची मोकळी जमीन. इथे चालायला, बघायला मोकळीक आहे. पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम ४८ सांगतं की खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा, मग ती जमिनीवर असोत की जमिनीखाली. त्यामुळे 'कोणाचाच नव्हता, पडलेला होता' हे म्हणणं टिकत नाही. सोसायटीच्या आवारात किंवा कोणाच्या गच्चीवर पडला तर आधी तिथल्या माणसांना विचारायचं. पुढचा रस्ता तोच.

पडताना पाहिलंय आणि दगड समोर आहे

पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. घाई करू नका, घाबरूही नका. 'तापलेला असेल, आग लागेल' हा समज चुकीचा आहे. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर दगड थंड हवेतून नुसता खाली पडत येतो, त्यामुळे जमिनीवर येईपर्यंत त्याची झळ गेलेली असते.

हात लावण्याआधी फोटो काढा. लांबून एक, ज्यात इमारत, झाड, दिव्याचा खांब असं काही ओळखू येईल. जवळून चार बाजूंनी चार, शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवून. खड्डा पडला असेल तर त्याचा वेगळा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या. तारीख, वेळ, तुम्ही कुठे उभे होता, रेघ कुठल्या दिशेकडून कुठे गेली, आवाज किती वेळाने आला, हे लगेच लिहा. रात्री लिहू म्हणाल तर बाकीच्यांचं ऐकून तुमची आठवण बदलेल. असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. इमारतींचे सीसीटीव्ही कॅमेरे इथे सोन्यासारखे आहेत. रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरींना किंवा वॉचमनदादांना त्याच दिवशी सांगून ते जपायला लावा.

दगड शक्य असेल तर तिथेच राहू द्या आणि भोवती माणूस उभा करा. पाऊस येतोय, गर्दी होतेय, कोणी पळवेल असं वाटत असेल तरच उचला. मुंबईत जून ते सप्टेंबर ही अडचण हटकून येणार. उघड्या हाताने उचलू नका. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा नवा तुकडा हातावर घ्या, त्यातच दगड गुंडाळा, मग स्वच्छ, कोरड्या डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी त्या डब्यात टाका. फ्रिजमध्ये ठेवू नका. धुऊ नका, पुसू नका, फोडू नका. आपल्याकडे आकाशातून आलेल्या दगडाला हळदकुंकू वाहायची इच्छा होते, ती मला समजते. नमस्कार लांबूनच करा. हळदीचा, तेलाचा, पाण्याचा एक हात लागला की दगडाबरोबर अवकाशातून आलेलं कार्बनी द्रव्य आणि आपल्या घरातलं द्रव्य वेगळं काढणं अवघड होतं. मुकुंदपुऱ्याचा दगड कार्बनी जातीचा होता आणि तसले दगड फार हळवे असतात.

आणि चुंबक लावू नका. हे ठळकपणे सांगतोय, कारण सगळे व्हिडिओ उलटं शिकवतात. अशनीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद टिकून असते. आजकालचं छोटंसं पण जोरकस निओडायमियम चुंबक एकदा टेकवलं की ती नोंद पुसली जाते. सहारातून मिळालेल्या, मंगळावरच्या एका नावाजलेल्या काळ्या दगडाच्या बाबतीत हेच झालं.

दगड लवकर का पोचवायचा, तर त्यात काही किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात. अवकाशात वैश्विक किरणांच्या माऱ्याने ती तयार झालेली असतात आणि दगड खाली आला की संपू लागतात. सोडियम-२४ चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, सुमारे १५ तास, व्हॅनेडियम-४८ चं सुमारे १६ दिवस. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेत, पीआरएलमध्ये, हे मोजतात. चार महिने शोकेसमध्ये ठेवून मग दिलात तर ती मोजणी गेली.

कळवायचं कोणाला

लगेचची मदत हवी असेल, म्हणजे गर्दी आवरायची आहे, छप्पर फुटलंय, कोणाला लागलंय, तर ११२ किंवा महापालिकेचा आपत्ती कक्ष, १९१६. त्यानंतर लेखी अर्ज. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे विसरू नका. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या कस्टम हाऊसमध्ये. त्यापुढे मुंबई उपनगर, त्याचं वांद्रे पूर्वेला. उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके आहेत, त्या त्या तहसीलदारांना प्रत द्या. दुसरी प्रत जीएसआयला. आपल्याला जवळचं त्यांचं मोठं कार्यालय नागपूरला आहे आणि अशनींचा विभाग कोलकात्याला. ईमेल करा, फोटो जोडा.

अर्ज साधा असू द्या. 'अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी आकाशातून पडलेला दगड आढळला, तो सुरक्षित ठेवला आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ताब्यात द्यायची इच्छा आहे, कृपया पंचनामा करावा.' एवढं पुरे. तुमच्या प्रतीवर आवक-शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. दगड देताना वजन, फोटो आणि देणाऱ्याचं नाव पंचनाम्यात आलंय का ते वाचून मगच सही करा, आणि पोच घ्या. पुढे अशनीचं नाव आंतरराष्ट्रीय यादीत नोंदताना सापडण्याची हकीकत लागते, तेव्हा हे कागद उपयोगी पडतात. नाव ठरतं जागेवरून. काटोलचा अशनी जगभर 'काटोल' म्हणूनच ओळखला जातो.

मधल्या काळात कोणी 'तपासून देतो, आधी दहा हजार भरा' म्हणालं तर दार लावून घ्या. 'राइस पुलर', म्हणजे तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी, म्हणून धातूचं भांडं विकणारे, इरिडियमचा, विजेचा, आकाशातल्या दगडाचा वास्ता देऊन लाखांनी फसवणारे आपल्याकडे पोलिसांनी अनेकदा पकडलेत.

आणि पाडव्याच्या रात्रीसारखं धातूचं कडं, टाकी, गोळा असेल तर तो अशनी नव्हे. जवळ जाऊ नका, टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू, मागणी झाली तर, ज्या देशाची आहे त्याला परत करायची असते. पोलिसांना कळवा, पुढे इस्रो बघतं.

पडताना कोणी पाहिलं नाही, नुसता काळा दगड सापडलाय

मला येणारी बहुतेक विचारणा या जातीची. मुंबई उभी आहे ती बेसॉल्टवर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याचीच. हा दगड काळा, जड, आणि त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण, म्हणून चुंबकाला थोडा ओढलाही जातो. म्हणजे अमेरिकन व्हिडिओतल्या तिन्ही खुणा आपल्या घराच्या पायाच्या दगडात आहेत. त्यात जुन्या भट्ट्यांची धातुमळी, बॉयलरचा जळका कोळसा, भरावात आलेलं काहीबाही.

काही वर्षांपूर्वी आक्साला मला असा एक दगड मिळाला. मुठीएवढा, वर काळी तकाकी, अंगठ्याने दाबल्यासारखे दोन खळगे. रात्रभर झोप आली नाही. सकाळी ओट्यावर बसून जे केलं ते तुम्हीही करू शकता, पण फक्त अशा जुन्या, आधीच पावसात भिजलेल्या दगडावर. ताज्या पडलेल्यावर नाही.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दगड ठेवला: ४१२ ग्रॅम. मग पाण्याने भरलेलं पातेलं काट्यावर ठेवून आकडा शून्य केला, दगडाला शिवणाचा दोरा बांधला आणि तो पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा हातात धरून ठेवला. काटा म्हणाला १४३. हेच दगडाचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. ४१२ ला १४३ ने भागलं, आलं २.८८. बेसॉल्ट साधारण २.८ ते ३ मध्ये बसतो. नेहमीच्या दगडी अशनीची घनता ३.३ च्या पुढे, लोखंडी अशनीची ७.८ च्या आसपास. तरी मन मानेना, म्हणून कोपरा कानशीने किंचित घासला. आत टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी निघाली, आणि तिच्या कडेला झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक, साखरेसारखे चमकणारे. लाव्ह्यातला वायू निघून जाताना राहिलेला बुडबुडा होता तो. अशनीत असे बुडबुडे जवळपास कधीच नसतात. घासल्या जागी लोखंड-निकेलचे चंदेरी ठिपके दिसायला हवे होते, तेही नव्हते. दगड आक्साला नेऊन ठेवला.

आणखी एक सोपी पारख: न वापरलेल्या टाइलची मागची खरखरीत बाजू घ्या, तिच्यावर दगड जोरात ओढा. लालसर रेघ आली तर हेमटाइट हे लोहखनिज, ठळक काळी आली तर मॅग्नेटाइट. अशनी सहसा रेघच उमटवत नाही. हे सगळं पार करूनही दगड उभा राहिला, तर फोटो आणि मोजमापं घेऊन पवईला आयआयटीच्या भूविज्ञान विभागाला किंवा थेट जीएसआयला लिहा. जंगलातून आणलेला असेल तर ते पत्रात लपवू नका.

कोणाचीच हरकत नसलेला संग्रह: गच्चीवरची धूळ

मुलांना हात घालायला काही हवं असेल तर मी त्यांना गच्चीवर पाठवतो. अवकाशातून सूक्ष्म कण रोज खाली येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्लो, पॅरिस आणि बर्लिनच्या छपरांवरच्या सुमारे ३०० किलो गाळातून असे ५०० कण निघाले. यॉन लार्सन नावाच्या नॉर्वेजियन हौशी संशोधकाने त्या कामाची सुरुवात केली.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून पावसाळी पाइपाच्या तोंडाशी साचलेला गाळ काढा. वेळ निवडा पाऊस ओसरल्यावरची पण दिवाळीच्या आधीची, कारण फुलबाजीतल्या लोखंडाच्या कणांचेही चकचकीत गोळे होतात आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. ग्रिल-वेल्डिंग झालेली गच्ची नको, रुळांलगतची नको. गाळ धुऊन वाळवा, चहाच्या गाळणीने जाड कचरा काढा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवा. इथे चुंबक चालतं. पिशवी उलटी केली की कण कागदावर पडतात. आपल्याला हवे असलेले कण बहुतेक ०.३ मिलिमीटरच्या आसपासचे. शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली बघा. अगदी गुळगुळीत, आरशासारखा गोळा बहुधा माणसाने केलेला असतो. अवकाशातल्या गोळ्याच्या पाठीवर झाडाच्या फांद्यांसारखी किंवा पट्ट्यापट्ट्यांची नक्षी असते. शेकड्यांनी गोळे बघाल तेव्हा एखादा मनात भरेल.

तिकडे गेलात तर

अमेरिकेत 'सार्वजनिक जमीन' म्हणजे मुख्यतः ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जमीन. २०१२ च्या त्यांच्या नियमांनुसार हौशी माणसाला वर्षाला दहा पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार किलो अशनी जमिनीवरून उचलता येतात. मेटल डिटेक्टर चालतो, यंत्राने खणणं चालत नाही. हे फक्त स्वतःसाठी, विकायला किंवा अदलाबदलीला नाही. विकायचं असेल किंवा संशोधनासाठी हवं असेल तर वेगळा परवाना. राष्ट्रीय उद्यानांतून एकही खडा नाही. आदिवासींच्या राखीव भूमीतून नाही.

हे नियम सहज आलेले नाहीत. १८९० मध्ये आयोवातल्या शेतात अशनी पडला, उचलणाऱ्याने तो विकला, जमिनीचा मालक विकत घेणाऱ्याविरुद्ध कोर्टात गेला, आणि १८९२ मध्ये निकाल लागला: दगड जमीनमालकाचा. ओरेगॉनमध्ये एका माणसाने १५ टनांचा विलामेट अशनी महिनोन्‌महिने खपून शेजारच्या कंपनीच्या जमिनीवरून आपल्या अंगणात ओढून आणला. शेवटी तो कंपनीचाच ठरला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९७० च्या दशकात सापडलेल्या पावणेतीन टनांच्या ओल्ड वुमन अशनीवर शोधणाऱ्यांनी खाणीचा हक्क सांगितला होता, तो मान्य झाला नाही आणि अशनी केंद्र सरकारचा ठरला.

ऑस्ट्रेलियात पश्चिम ऑस्ट्रेलियासारख्या राज्यांत अशनी सरकारजमा, ओमानमधून बाहेर न्यायला बंदी. येताना एखादा विकत घेतलात तर नाव, सापडल्याची जागा आणि वजन लिहिलेली पावती घ्या आणि विमानतळावर जाहीर करा. घरी आल्यावर ती पावती त्याच डबीत ठेवा, वेगळ्या फाइलमध्ये नको. माझ्याकडे पहिल्यांदा आलेल्या सहारातल्या तुकड्याची चिठ्ठी घर बदलताना हरवली. आता तो ३१ ग्रॅमचा काळा दगड आहे, आणि कुठला म्हणून कोणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे काही नाही.